डाव्या डोळ्यामागचा कण

चि. तन्वी आणि चि. ईशान,

रविवारी व्हिडिओ कॉलवर तन्वी बोलता बोलता म्हणाली, "आजी, पुढच्या गुरुवारी माझ्या डोक्याचा एमआरआय आहे. तुझा झाला होता ना? भीती वाटली होती का गं?" मी "छे, कसली भीती" म्हणून विषय बदलला. खरं उत्तर असं आहे की माझा एमआरआय झालाच नाही. होता होता राहिला... आणि तो का राहिला, हे तुमच्या आईबाबांनाही मी अर्धंच सांगितलं आहे. उरलेलं अर्धं गुरुवारच्या आत तुमच्यापर्यंत पोचलं पाहिजे, म्हणून आज सकाळची कामं उरकून टेबलाशी बसले आहे.

ईशान, तू ज्या मराठी फोरमवरचे अमानवीय अनुभव वाचतोस आणि मला लिंक पाठवत राहतोस, तिथे हे टाकावंसं वाटलं तर टाक. माझी हरकत नाही. फक्त शुद्धलेखनाला हात लावू नकोस.

तुम्हा दोघांना मी ओळखीची आहे, फोरमवरच्या लोकांना नाही, म्हणून थोडं सांगते. शहापूरच्या एका शाळेत मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. वर्गात एखादी मुलगी घुमायला लागली, की बाकीच्या हात जोडायच्या आणि मी तिला लिंबूपाणी पाजून घरी काय बिनसलं आहे ते विचारायची. नव्वद टक्के वेळा उपाशीपोटी आलेली असायची. आपल्या शेजारच्या काकू अमावास्येला उंबऱ्यावर काय काय ठेवतात, त्यावरून मी आयुष्यभर पाय टाकून गेले. मला पुरावा लागतो. आजही लागतो. म्हणून तर हे लिहिताना माझी अडचण झाली आहे — कारण या गोष्टीत पुरावा आहे, पण तो कशाचा आहे ते मला कळत नाही.

हे घडलं त्या वर्षी श्रावणात मी स्वयंपाकघरात वाकले आणि उठताना कपाटाचं उघडं दार डोक्याला लागलं. डावीकडे, कानाच्या वर. टेंगूळ आलं, बर्फ लावला, विसरले. महिन्याभराने डोकं दुखायला लागलं. मग शब्द सांडायला लागले. आबांना, म्हणजे माझ्या यजमानांना, "किसणी द्या" म्हणायचं असायचं आणि तोंडातून यायचं, "ती... ती द्या ना, ती." आबा एकदा सोलाणं आणून देत, एकदा झारा. शेवटी म्हणाले, "अगं, सगळं स्वयंपाकघरच आणून ठेवतो तुझ्यापुढे, निवड तूच."

मी हसले. पण त्याच संध्याकाळी रोजनिशी लिहायला बसले आणि हसू गेलं. माझ्या ओळी उजवीकडे उतरत होत्या. कोरा कागद असला तरी माझी ओळ कधी तिरकी गेली नाही, तुम्ही माझी पत्रं बघितली आहेत. मागची पानं उलटली, तर पंधरा दिवसांपासून त्या उतरत होत्या आणि मला दिसलं नव्हतं. उजवा हात जड झाला होता.

आपल्या शहापूरच्या डॉक्टरांनी हातोडी, टॉर्च सगळं करून सांगितलं, "डोक्याचा एमआरआय करून घ्या, उशीर नको." कल्याणच्या एका सेंटरची वेळ मिळाली, सकाळी अकराची.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण सगळं तिच्यावर आहे. माझा उजवा डोळा काही वर्षांपूर्वीच गेला. पडद्यात रक्तस्राव झाला होता. त्याने फक्त उजेड-अंधार कळतो. मी जे वाचते, लिहिते, स्क्रीनवर तुमचे चेहरे बघते, ते सगळं एकट्या डाव्या डोळ्याने.

सेंटरने फॉर्म आदल्या दिवशी पाठवला होता. मी तो घरीच भरला. हृदयात पेसमेकर? नाही. मेंदूत क्लिप? नाही. कानात यंत्र? नाही. ऑपरेशनं? मोतीबिंदूचं, दोन्ही डोळे. लेन्स चालते असं फोनवर विचारून घेतलं. डोळ्यात कधी लोखंडाचा, धातूचा कण गेला होता का? नाही. पानभर 'नाही', एकाखाली एक. खाली सही. माझ्यासारख्या बाईला असा स्वच्छ फॉर्म बघून जे समाधान मिळतं ते मिळालं. चूक तिथेच झाली होती.

तिथल्या टेक्निशियन मॅडम पन्नाशीच्या होत्या, चष्मा कापडी नाडीला बांधलेला. त्यांनी मला कपडे बदलायच्या खोलीत नेलं.

"आजी, अंगावर लोखंड, सोनं, काय काय आहे?"

मंगळसूत्र, कुड्या, जोडवी आणि अंबाड्यातले आकडे मी घरूनच काढून ठेवले होते. मॅडमनी माझ्या हाताकडे बघितलं. काचेच्या बांगड्यांत दोन सेफ्टी पिना अडकवलेल्या होत्या.

"हे काय?"

"अहो, ते नेहमीचंच आहे."

"तेच तर. आमच्याकडे बायका सगळं सोनं काढून येतात आणि बांगडीतल्या पिना तशाच. विचारलं की म्हणतात, ते काय लोखंड आहे का, त्या तर पिना!"

बाहेर आबा रुमालात माझा ऐवज बांधून बसले होते. पिना त्यांच्या हातात पडल्या तेव्हा म्हणाले, "आता आत काहीच उरलं नाही. निघालंच तर व्याकरण निघेल."

मॅडमनी सगळं समजावलं. कापूस कानात घालू, वरून हेडफोन. हातात रबरी फुगा देऊ, घाबरलात तर दाबा, मी काचेपलीकडे आहे, तुम्हाला बघते आहे. आवाज मोठा येईल, ठोकल्यासारखा. दुखणार काही नाही. डोकं हलवायचं नाही, अर्धा तास. मला ते सगळं पटलं. भीती खरोखरच नव्हती. मी त्या गाऊनमध्ये, अनवाणी, मशीनच्या खोलीच्या दारापर्यंत चालत गेले. जाड दार. मॅडमनी ते उघडलं. आत पांढरा बोगदा दिसला आणि एक ठेक्यातला बारीक आवाज आला, चिक्-चिक्-चिक्.

मी उजवा पाय उचलला.

आणि कोणीतरी माझ्या डाव्या कानाची पाळी धरली.

दोन बोटांत, घट्ट. नख लागेल इतकी. मी ओरडणार तेवढ्यात डाव्या डोळ्यावर काहीतरी ओलं, गरम, खरखरीत आलं... नाकाच्या बाजूने सुरू झालं आणि बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत सरकत गेलं, सावकाश, दाबून. ती जीभ होती. मी दुसरा शब्द शोधून बघितला आहे, नाही सापडत. गायीची नव्हे, कुत्र्याची नव्हे. माणसाची जीभ, उघड्या डोळ्यावर. आणि वास — मिशेरीचा आणि लाकडाच्या धुराचा. त्या एसीच्या थंडगार, फिनेलच्या वासाच्या जागेत.

समोर कोणी नव्हतं. मॅडम माझ्या उजवीकडे, दार धरून.

मी पाय मागे घेतला. डोळ्याला हात लावला. कोरडा होता.

"काय झालं, आजी?"

काय सांगणार? तीस वर्षं मास्तरकी केलेली बाई, अंगात गाऊन, आणि म्हणणार की माझा डोळा कोणीतरी चाटला? मी म्हटलं, "डोळ्यात... काहीतरी गेलंय."

हे ऐकून दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, असू दे, झोपा आत, वेळ चाललाय. बाहेर चार पेशंट थांबलेले होते. या बाईंनी दार लावून घेतलं. मला बाकावर बसवलं, टॉर्चने डोळा बघितला.

"आता तर काही दिसत नाही. आजी, पूर्वी कधी गेलं होतं? लोखंडाचा कीस, ठिणगी?"

"फॉर्मवर लिहिलंय मी. नाही."

"लहानपणी?"

"आठवत नाही."

"आठवत नाही आणि नाही, हे दोन वेगळे असतात," त्या म्हणाल्या. मी हेच वाक्य किती मुलांना वेगवेगळ्या विषयांवर सुनावलं असेल! "तुमच्याहून मोठं घरात कोणी आहे का विचारायला?"

मी तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची. माझ्याहून मोठं उरलंय कोण? एकच — टोकावड्याची बायाआत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण. पंच्याऐंशीची, कानाने जड, बाकी खणखणीत. आबांनी फोन लावला आणि तिला ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला. त्यामुळे पुढचं सगळं पूर्ण वेटिंग रूमने ऐकलं.

"कोन? कुंदी? काय गो, बरी हायस ना?"

"आत्या, लहानपणी माझ्या डोळ्याला काही लागलं होतं का?"

आत्याचा आवाज आला, एकदम हळू.

"तुला कोनी सांगितला?"

माझ्या अंगावर काटा आला तो तेव्हा. दारात नाही... तेव्हा.

"कोणी नाही सांगितलं, आत्या. इथे दवाखान्यात विचारतायत. लवकर सांग."

"आता सांगाया काय जातंय. तुझी आजी गेली, तुझी आई गेली, आता कोन मला मारतंय? अगो, भातकापनीच्या तोंडाला लोहार आलता गावात. पिपलाखाली भाता मांडलेला. मी इले घेऊन गेलते धारेला, नि तू माझ्या मागं मागं. चार वर्साची असशील. त्यानं हातोडा मारला नि तू जी बोंबललीस! डोला लाल भडक. मी तर रडायालाच लागले. घरी काय सांगनार? तेवढ्यात वाडीवरची ठमीबाय मोली घेऊन चाललेली. तिनं मोली टाकली रस्त्यात, तुला मांडीवर घेतली नि जिभेनं काढला."

"जिभेने?" मॅडम मध्येच म्हणाल्या.

"हां, जिभेनं! तुमी कोन? डाक्टरीन का? मंग ऐका. तिनं हातावर थुकून दाखवला मला. काला, तिलाएवढा."

"आजी, सगळा निघाला होता का?"

"आता ता मी कसा सांगू, बाय? मी काय आत डोकावले व्हते?"

आबा म्हणाले, "आत्याबाई, आणि हे सत्तर वर्षं कोणाला सांगितलं नाहीत?"

"कसा सांगनार जावईबापू! वाडीवरच्या बाईची जीभ पोरीच्या डोल्याला लागली. हिची आजी तेव्हा पानी पन वरून वतायची त्यांना. तिला कलला असता, तर त्या ठमीला गावात पाय ठेवू दिला नसता नि मला झोडली असती. हिच्या आईनं मला देवापुढं शपत घातली. म्हनाली, बाया, डोला वाचला, आता तोंड मिटायचा."

आमच्या घरातली रीत ही. जिने डोळा वाचवला तिचं नावही घ्यायचं नाही. त्या मिटल्या तोंडामुळे मी फॉर्मवर ठणठणीत 'नाही' लिहिलं होतं.

मॅडमनी डॉक्टरांशी बोलून आधी डोळ्यांचा साधा एक्स-रे काढला. दहा मिनिटांत त्या फिल्म घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी ती माझ्यापुढे धरली. माझी कवटी, डोळ्यांच्या खोबण्या... आणि डाव्या खोबणीत एक पांढरा ठिपका. बारीक. पेनाचं टोक टेकवल्यासारखा.

"आजी, आज एमआरआय नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा कधीच नाही."

मग त्यांनी समजावलं, आणि तन्वी, हे तू नीट वाच. त्या यंत्रातलं चुंबक स्कॅन सुरू झाल्यावर लागत नाही. ते कायमच चालू असतं. रिकाम्या खोलीतही. लोखंडाचा कण जवळ गेला की हलू शकतो, फिरू शकतो. माझा कण डोळ्याच्या गोळ्याला खेटून होता. कदाचित काहीच झालं नसतं, त्या म्हणाल्या. कदाचित डोळा गेला असता. खात्रीने कोणी सांगू शकत नाही. "तुम्ही आत पाऊल टाकलं नाहीत, तेवढं मला बरं वाटलं."

आबा रुमालाची गाठ पुन्हा पुन्हा सोडत-बांधत होते. एकही विनोद नाही.

त्याच दुपारी सीटी स्कॅन झाला. कवटी आणि मेंदूच्या मध्ये डावीकडे रक्त साठलं होतं, कपाटाच्या दाराचा प्रसाद. दोन दिवसांनी कवटीला लहानसं भोक पाडून ते काढलं. आठवडाभराने मी आबांना "किसणी" म्हटलं तेव्हा त्यांनी किसणी आणून दिली आणि डोळे पुसत अंगणात गेले. ओळी सरळ झाल्या.

मेंदूच्या सर्जनना मी दारातला प्रकार सांगितला — जिभेचा आणि वासाचा. कानाचं नाही सांगितलं. मला ते वेडेपणाचं वाटलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. म्हणाले, मेंदूवर दाब असला की असे भास होतात, वासाचेसुद्धा. आणि चार वर्षांच्या मुलाला जिवावरचं काही झालं तर आत कुठेतरी राहत असेल. मला हे पटतं. मी सर्जनच्या बाजूची बाई आहे. पण मग त्या दिवशी नेमकी वेळ साधून, त्याच दारात, पाय उचलल्यावर? महिनाभर दाब होता, मी रोज चुलीजवळ, रस्त्यावर, कुठे कुठे जात होते... तिथे का नाही?

त्या हिवाळ्यात मी आबांना घेऊन आत्याकडे गेले आणि तिथून वैशाखरे गावापलीकडच्या आदिवासी वाडीवर. ठमीबाय जाऊन तीस-पस्तीस वर्षं झाली होती. तिची नात सोमी भेटली, पन्नाशीची, ओट्यावर नाचणी पाखडत होती. मी ठमीबायसाठी आणलेलं लुगडं कोणाला द्यायचं म्हणून तिलाच दिलं. तिने ते मांडीवर ठेवलं आणि निवांत विचारलं, "माझ्या आजीनं काय केला तुमचा?"

मी फक्त एवढं म्हटलं, "लहानपणी डोळ्यातला कण काढला."

"मंग बरोबर. लय पोरांचं काढलं तिनं. माझं पन. कापनीत कुसळ जातं ना डोल्यात. आता मीच काढते."

"कसं काढतेस?"

सोमीने बाजूला बसलेल्या आपल्या सुनेला जवळ ओढलं. "तशी जीभ लावायची नाय आधी," ती म्हणाली. "पोर डोला मिटतं. म्हनून आधी कान धरायचा." तिने सुनेच्या डाव्या कानाची पाळी दोन बोटांत पकडली, घट्ट, नख लागेल अशी. सून "आई गो!" करून ओरडली. "हां, बघा. ध्यान कानाकडं जातं, डोला उघडा ऱ्हातो. मंग जीभ. नाकाकडनं भाईर. आजीनं शिकवला."

मी ओट्यावर बसले. पाणी मागितलं. सोमीने तांब्या दिला तो मी तोंड लावून प्याले. आबांनी विचारलं, चक्कर येते का? मी नाही म्हटलं. कानाचं मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आबांना हे पत्र आज दुपारी वाचून दाखवणार आहे.

तन्वी, आता तुझं. घाबरायचं काही नाही. आबांचा तीन वर्षांपूर्वी झाला आहे. ते म्हणतात, पत्र्याच्या पिंपात बसवून बाहेरून चार जणांनी ठोकावं तसा आवाज येतो, पण ते मध्येच झोपलेही होते. सैल कपडे घाल. दातांची काढता येणारी तार, केसांतल्या क्लिपा, घड्याळ, तो औषधाचा चिकटवायचा पॅच असला तर तो, काजळ, सगळं काढून जा. कुठे गोंदवून घेतलं असशील तर तेही सांग (मला आधी सांगायची गरज नाही, त्यांना सांग). शिरेतून औषध द्यायचं म्हणाले तर ॲलर्जी आणि किडनीचं विचारतील, खरं ते बोल. फुगा हातात असतोच. तो दाबण्यात कमीपणा नाही. आणि फॉर्म एकटीने भरू नकोस. आईला फोन कर, तिच्या आईला कर, मला कर. "मी लहान असताना काही झालं होतं का, जे मला सांगितलेलं नाही?" असं स्पष्ट विचार. घराघरांत मिटलेली तोंडं असतात. आणि दाराशी पोचल्यावर काही खटकलं, कितीही खुळ्यासारखं वाटलं, तरी थांब आणि बोल. बाहेर पेशंट थांबले आहेत, हे कारण नव्हे.

मी त्या टेक्निशियन मॅडमची ऋणी आहे, ज्यांनी माझ्या अर्ध्या वाक्यावर दार लावून घेतलं. बायाआत्याची आहे. आणि त्या बाईची, जिने रस्त्यात मोळी टाकून दुसऱ्याच्या लेकराला मांडीवर घेतलं आणि जिला आमच्या घरातून पाणीही वरून मिळालं. त्या दारात कोण होतं, किंवा कोणी होतं का, ते मला माहीत नाही. या वयात ते शोधण्यापेक्षा मी सोमीकडे वर्षातून एकदा जाऊन येते.

कण अजून तिथेच आहे. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, राहू द्या. डोळाही आहे. हे पत्र मी त्याच डोळ्याने बघून लिहिलं आहे.

तुमची,
आजी